चौथीचं पुस्तक चौथीच्या घरात

शाल एकच होती. सुताराच्या आईची, राखाडी, अंगाखांद्यावर वागवून वागवून सायीसारखी मऊ झालेली. आई गेली, आणि आता सुताराची लेक परगावी नोकरीला निघाली होती. संध्याकाळच्या गाडीने. आजीची शाल तिच्याबरोबर जायची होती, काठावर वेल आणि वेलीत तिचं लाडाचं नाव भरून. चिऊ.

"दुपारी न्या," दुकानातल्या थोरल्या जाऊबाईंनी सांगून टाकलं होतं.

भरतकामाचं दुकान दोघी जावांचं. यंत्रं दोन, एक जुनं, एक नवं. शालीसाठी लागणारी, कापड धरायची रुंद चौकट जुन्यालाच बसे, आणि जुनं यंत्र सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीचंच ऐके. नव्याला सातवी लागे. म्हणून एका कॉम्प्युटरवर दोन्ही आवृत्त्या नांदत होत्या.

शाल चढवण्याआधी थोरलीने चिंधीवर वेल काढून पाहिली. सुई सरकत सरकत कडेला गेली आणि चौकटीवर आदळून मोडली.

"थकलं यंत्र," थोरली म्हणाली.

"यंत्र धडधाकट आहे. आपणच त्याला भलतं सांगतोय." धाकटी खुर्ची ओढून बसली. "ताई, सुरुवातीची खूण कुठे धरलीत?"

"डाव्या कोपऱ्यात, खाली. चौथी उघडली, मदतीचं बटण दाबलं, पडद्यावर उघडलेल्या पुस्तकात लिहिलंय तसं केलं. वाचता येतं मला."

"वाचलंत बरोबर. पण पुस्तक कुणाचं?"

धाकटीने पुस्तकाचं पहिलं पान वर आणलं. आवृत्ती सातवी.

"नवी आली आणि मदतीचं बटण तिने आपल्याकडे घेतलं. चौथीतून दाबा की सातवीतून, उघडणार हिचंच."

"धाकटी घरात आली की असंच होतं."

"ऐकतेय मी, हं."

"ऐकायलाच बोलले. चौथीचं पुस्तक मग गेलं का?"

"जातंय कुठे? ज्याचं पुस्तक त्याच्या घरात." तिने चौथीच्या चित्रावर उजवं बटण दाबलं आणि प्रोग्राम जिथे ठेवलेला होता तो फोल्डर उघडला. आत पुस्तकांचा कप्पा, कप्प्यात पुस्तक. आधी तिने पडद्यावरच्या प्रोग्रामचा आकडा आणि पुस्तकावरचा आकडा शेजारी धरून पाहिले. चार नि चार. "आता वाचा."

चौथीत सुरुवात चौकटीच्या मध्यावरून होती.

सुतार आला तेव्हा यंत्राखाली दुसरी चिंधी होती. त्याची नजर मोडक्या सुईवर गेली. "ताई, जोखीम असेल तर राहू द्या. तशीच देतो तिला."

"तुम्ही नव्या फळीवर करवत धरण्याआधी तुकड्यावर बघता ना? तसंच आहे. सुई चिंधीत मोडली, शालीत नाही मोडणार." थोरलीने चिंधी त्याच्या हातात दिली. वेल पानापानाने पुरी उतरली होती, मधोमध चिऊ बसली होती.

सुताराने शाल पुढे केली.

थोरलीने ती स्वतः चौकटीत बसवली, कापडाला ओढ न देता, झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तशी. सुई चालू लागली. एक पान, एक वळण, पुन्हा पान.

काम उतरल्यावर सुताराने शाल उलटी केली आणि सांध्यावरून फिरवावा तसा अंगठा टाक्यांवरून फिरवला.

"पिशवी देऊ?" धाकटीने विचारलं.

"नको," तो म्हणाला. शाल छातीशी धरून तो भरभर घराकडे निघाला. लेक बांधाबांध करत होती.