अर्धी गाठ

सुमनने पेटीवरची लाखेची मोहर चाकूने फोडली आणि कंपनीचा कोरा धोटा टेबलावर ठेवला. शेजारी यंत्रमाग चालवणाऱ्या मालूबाईचा धोटा होता. तो चुडामण सुताराने कालच करून दिला होता; अजून मागावर चढला नव्हता.

बुऱ्हाणपुरातले बहुतेक यंत्रमाग या एकाच कंपनीचे. आडवा धागा वाहणारा लाकडी धोटाही तिचाच घ्यायचा, असा करार. तो महिना महिना मिळत नसे. तोवर माग बंद. तक्रारीची फाईल नागपूरहून भोपाळला गेली, राज्य बदलले, आणि आता लालबागच्या विश्रामगृहात दोन अधिकारी ती उघडून बसले होते. मोजमापासाठी त्यांनी प्रयोगशाळेतून सुमनला बोलावले होते.

“कंपनीचे दोन तुकडे करा,” त्यांतले लीलाधर म्हणाले. “माग विकणारी वेगळी, धोटे विकणारी वेगळी.”

“त्यापेक्षा कुणाचाही धोटा वापरायची मुभा द्या,” दिगंबरराव म्हणाले.

“आणि कुणाचा डोळा गेला तर?” कंपनीचे वकील म्हणाले. “आमचे लाकूड विलायतेहून येते. बाहेरचा धोटा गोळीसारखा उडतो.”

“सहा मयने झाले साहेब, चुडामणभाऊचाच चालवते,” मालूबाई म्हणाली. “एक डाव नई उडला. तुम्ही मनाई केली तर माझा माग बंदच पडीन ना.”

“वकीलसाहेबांनाच मागासमोर उभे करू,” लीलाधर हसले.

भिंतीशी उभा असलेला चुडामण मात्र हसला नाही.

सुमनने लांबी मोजली. सारखी. वजनही सारखे. आकडे लिहून झाले, तरी तिने धोटे खाली ठेवले नाहीत. कंपनीच्या धोट्याच्या कडेला एक काळी, अर्धीच गाठ होती. तिने मालूबाईचा धोटा हळूहळू फिरवला आणि दोन्हींच्या कडा भिडवल्या.

गाठ पूर्ण झाली. तिच्याभोवतीच्या रेषा एका लाकडातून दुसऱ्यात सरळ गेल्या.

“एकाच फळीतले आहेत,” ती म्हणाली.

दिगंबररावांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

“चुडामण, तू आणखी कुणाला धोटे देतोस रे?”

चुडामणने वकिलांकडे पाहिले. वकील फुटलेल्या मोहरेचे तुकडे गोळा करत होते.

मालूबाई टेबलाशी आली. तिने हात पुढे केला आणि तो तसाच थांबला.

“साहेब, यातला माझा कोणता?”