गांधीलमाश्यांचा शेजार

आमच्या गावात कुणाचं भलं करायचं ठरलं की आधी मिंगा भरते. सगळं गाव कोयते घेऊन येतं, फुकट राबतं, कसाव्याच्या कंदांची आंबवलेली चिचा ढोसतं आणि काम संपेपर्यंत कुणाचं ऐकत नाही. गेल्या वर्षीची मिंगा माझ्या हुकमाने भरली. मी गावचा प्रमुख.

माझी भाची यादिरा, तिला पर्यटकांना जंगल दाखवायला गाईडचा परवाना हवा होता. परीक्षकाने अट घातली होती की दुसरं कुणी दाखवत नाही असा एक पक्षी घरट्यासकट दाखव. पोरीने दोन महिने उंच झाडावरच्या मचाणावर बसून एक शोधला. मुठीत मावेल एवढा, हिरवट, करड्या डोक्याचा माशीमार. शेंड्यात ताठ बसतो, पानाखालचा किडा झडप घालून उचलतो आणि पुन्हा बसतो. घरटं म्हणजे लोंबती काळपट पिशवी, तिचं दार खालून. खरं सांगतो, एवढ्याशा जिवासाठी मी मानसुद्धा वर केली नसती.

यादिरा परीक्षकाला आणायला नापो नदीतून होडीने शहरात गेली. म्हटलं, पोरगी परत येईपर्यंत तिचं काम करून ठेवू. पायवाट साफ केली, मचाणाला नवा कठडा बसवला. घरट्याला खेटून गांधीलमाश्यांचं भलंमोठं पोळं होतं.

"पाहुण्याला एक जरी माशी डसली, तर पोरीचा परवाना गेलाच म्हणून समजा," मी म्हणालो.

"अरे, तिला विचारू तरी," माझी बहीण देल्फिना, यादिराची आई, पुटपुटली.

"तू चिचा वाढ."

शेजारच्या क्लीमाकोने बांबूला पलिता बांधून पोळं जाळलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी यादिरा परीक्षकाला घेऊन मचाणाची शिडी चढत होती. "साहेब, हा पक्षी मुद्दाम गांधीलमाश्यांच्या शेजारी घर बांधतो. त्यांच्या धाकाने अंडी पळवणारा तो मोठ्या चोचीचा टूकन पक्षी इकडे फिरकत नाही."

खाली उभे असलेले आम्ही सगळे आपापल्या पायांकडे बघू लागलो. वर घरटं फाटून लोंबत होतं आणि शेजारी पोळ्याची जागा जळून काळी पडली होती.

"वारा फार होता!" मी ओरडलो.

"वारा नव्हता, साहेब," यादिरा वरून म्हणाली. "माझ्या मामाने माझ्यावर उपकार केलेत."

परीक्षा वर्षभर पुढे गेली. यादिराने माझ्याशी बोलणं टाकलं. मला लाज वाटली. प्रमुखाला ती शोभत नाही, तरी वाटली.

यंदा गांधीलमाश्यांनी माझ्याच स्वयंपाकघराच्या दारावरच्या वळचणीला पोळं केलं. महिन्याभरात शेजारच्या फांदीवर, पोळ्यापासून हातभर अंतरावर, तीच काळपट पिशवी लोंबू लागली. क्लीमाको उत्साहाने पलिता घेऊन आला. मी कोयता घेऊन दारात उभा राहिलो.

"पाऊल पुढे टाकलंस तर याद राख!"

तेव्हापासून आम्ही मागच्या खिडकीतून घरात शिरतो. बायको मला काय काय म्हणते, ते सांगण्यासारखं नाही.

काल परीक्षक आला. त्याला घरटं दिसावं म्हणून मी फांदीखाली जाऊन बोट दाखवलं, तेवढ्यात एक माशी माझ्या पापणीला डसली. डोळ्यातून घळाघळा पाणी वाहू लागलं. हात वर जाणार, तोच यादिरा माझ्या कानाशी आली. वर्षभरात पहिल्यांदा बोलली.

"मामा, हलू नकोस. मादी पिल्लांना भरवतेय."

मी हललो नाही. दुसरीही डसली.