आजीची ओळ

प्रयोगशाळेत तिला सगळे आजी म्हणत. म्हणजे कुणा बाईला नव्हे हो, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमधल्या एका जुन्या सीरमला. तापातून उठलेल्या कुणा बाईनं अठरा वर्षांपूर्वी दिलेल्या रक्तातलं ते पिवळसर पाणी.

लशीची कुठलीही चाचणी असो, प्लेटवरच्या खान्यांची पहिली ओळ आजीची. विषाणूत सीरम मिसळायचं, ते पेशींच्या थरावर सोडायचं आणि दोन दिवसांनी जांभळा रंग ओतायचा. पेशी मेल्या तिथे पांढरी भोकं, वाचल्या तिथे गर्द जांभळं. "आजी ठणठणीत!" असं कुणीतरी ओरडलं, की मगच बाकीच्या ओळींवर विश्वास ठेवायचा.

ती बाई कोण, हे एकट्या तंत्रज्ञ बाईंना ठाऊक होतं. ती त्यांची आई. बाईंचा धाकटा भाऊ त्याच तापात गेला, आई तेवढी उठली. त्यानंतर तिच्या डोळ्याला डोळा म्हणून लागला नाही. झोपलेल्या लेकीच्या कपाळाला हात लावून बघत बसायची. लेक इथे कामाला लागली, तेव्हा आई स्वतःच बाही वर करून म्हणाली, "घे गं. त्याच्या कामी नाही आलं, कुणाच्या तरी येऊ दे." आईला जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

आणि आज फ्रीझरमध्ये शेवटची कुपी. लस घेतलेल्या स्वयंसेवकांचं नवं सीरम आजीच्या जागी बसायचं होतं. पण आधी आजीशी तुलना, तीही दोनदा. पहिली खेप झाली. सीरम खान्यागणिक पातळ करत नेलेलं, तरी दोन्ही ओळी सहाव्या खान्यापर्यंत सारख्याच जांभळ्या. कुपीत अर्धं उरलं.

"जुळलं की!" साहेब दारातून म्हणाले. "दुसरी खेप कधी? का आजीचा पाय निघत नाहीये?"

बाई प्लेटकडे वळल्या. मेली ती दुसरी खेप! फ्रीझरच्या मागच्या कोपऱ्यात अर्धी कुपी राहिली, तर कुणाचं काय बिघडणार होतं? खिडकीतलं ऊन प्लेटवर पडलं होतं. ते जांभळं बघता बघता त्यांना वाटलं, आपण लहान आहोत, अंथरुणात आहोत आणि कपाळावर गार हात आहे. खूप वेळ तो तिथेच आहे. त्या हातानं किती परक्या पेशी राखल्या, कितीदा जागरण केलं! आणि अजून जागंच ठेवायचं तिला? कुणासाठी, माझ्यासाठी?

त्यांनी डोळे पुसले, हातमोजे बदलले आणि पिपेट उचललं.

दोन दिवसांनी रंग धुतला. दोन्ही ओळी पुन्हा सारख्या. साहेबांनी टाळ्या पिटल्या. "आता नवीला काय म्हणायचं हो बाई? नात?"

सगळे हसले, बाईही हसल्या. मग रिकामी कुपी त्यांनी मुठीत धरली. ती कधीच कोमट झाली होती. कचऱ्याच्या डब्यात सोडण्याआधी त्या हळूच म्हणाल्या, "सगळे बरे आहेत, आई. झोप आता."