पाठीवरचं बोलणं

आठ महिने मुवातुमू थोरल्या जावेशी चकार शब्द बोलली नव्हती, पण टोमण्यावाचून तिचा एक दिवस गेला नव्हता. पेम्बा बेटावरच्या बाईला भांडायला तोंड लागत नाही, कांगा पुरतो. त्या रंगीत कापडाच्या काठावर म्हण छापलेली असते. मनातलं बोलणारा कांगा निवडून नेसायचा आणि जिला ऐकवायचं तिच्या दारापुढून पाठ फिरवून चालू लागायचं. मुवातुमूने असे चार घेतले होते. आजचा म्हणत होता, 'ओठात साखर, पोटात सुरी.'

कारण एवढंच. बाळंतपणाचे चाळीस दिवस थोरली, बी झुलेखा, रोज मिरीची गरम पेज घेऊन यायची. अडतिसाव्या दिवशी तिने बाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अंग धरत नाही गं हा."

आता दोन घरांमधल्या अंगणात दगडांचा ढीग येऊन पडला होता. बी झुलेखा भिंत घालणार होती, शनिवारी गवंडी यायचा होता. विहीर एकीकडे राहणार, फणस दुसरीकडे. आणि दोघींच्या पोरी?

भर उन्हात मुवातुमू चटईवरच्या लवंगा खालीवर करत बसली होती. समोर तिची पाच वर्षांची नासरा कांग्याचा जुना तुकडा गुंडाळून बी झुलेखाच्या हिदायाकडे पाठ करून उभी होती.

"बोल ना गं! काय झालं?"

"बोलायचं नसतं. पाठ वाच."

"मला कुठे वाचता येतं?"

"मला पण नाही येत. पण तुला रडू आलं पाहिजे."

हिदायाने थोडा वेळ वाट पाहिली, आणि तिला खरंच रडू आलं.

मुवातुमूचा हात लवंगांतच राहिला. नासराची ती ताठ मान, ते हनुवटी उचलणं... हे कुणाचं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. लेकीला रागवावं म्हणून ती उठली, पण कोणत्या तोंडाने रागवणार? ती घरात गेली. बिनम्हणीचा कांगा घरात एकही नव्हता. अंगावरचाच उलटा करून नेसली, बाळाला कडेवर घेतलं आणि थोरलीच्या दारात उभी राहिली.

"जाऊबाई, येऊ का?"

बी झुलेखा नारळ खवत होती. "अगंबाई! आज तोंड घेऊन आलीस? मला वाटलं तुला नुसती पाठच आहे."

"तुम्ही वाचत होतात सगळं?"

"मला कुराणाची अक्षरं येतात, ही नाही येत. पण वाचून दाखवणाऱ्या का कमी आहेत गावात? शेवटी मीही एक आणलाय. दुकानदाराला म्हटलं, सगळ्यात झोंबणारा दे." पेटीतून तिने कोरी घडी काढली. "वाच."

मुवातुमूने वाचलं. पुन्हा वाचलं. "जाऊबाई, यावर 'ईद मुबारक' आहे."

"मेल्याने न खपलेला माल गळ्यात मारला!"

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग मुवातुमूच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना.

"तुम्ही म्हणालात, अंग धरत नाही. खरं सांगू? मीच तेव्हा रोज त्याच्या बरगड्या चाचपत होते. दूध पुरत नसेल, मला जमत नसेल... जे माझ्या मनात होतं तेच तुम्ही मोठ्याने बोललात. राग माझा माझ्यावरच होता, काढला तुमच्यावर."

बी झुलेखाने खवणी बाजूला सारली. "माझा पहिला असाच वाळत वाळत गेला. भ्याले मी. भ्याले की माझी जीभ चालते. नुसतं विचारायला हवं होतं, दूध येतंय ना गं?" तिने हात पुढे केले. बाळ तिच्याकडे गेलं. "धोंडा झालाय की नुसता!"

"आणि गवंडी?"

"शब्द दिलाय त्याला."

"मग येऊ दे. विहिरीला कठडा बांधून घेऊ. पोरी वाकून बघतात आत."

बाहेर नासरा अजून पाठमोरीच होती. मुवातुमू तिच्यासमोर उकिडवी बसली. "कशाचा राग आलाय?"

"तिने माझी करवंटीची होडी फोडली."

"मग तसं सांग तिला. तिच्याकडे बघून."

नासराने मान खाली घातली. "तोंडाने सांगितलं तर मलाच रडू येईल."

"येऊ दे," मुवातुमू म्हणाली, आणि तिच्या कमरेच्या कांग्याची गाठ सोडवू लागली.