मुंग्यांची शिकवणी

आमचे भाईदास सर निवृत्त होणार म्हणून धुळ्याच्या आमच्या बी.एड. कॉलेजात मांडव उभा राहिला, आणि त्या मांडवापायीच सरांच्या आयुष्यभराच्या सिद्धान्ताला सुरुंग लागला. धूळ बसावी म्हणून आवारात टँकरनं पाणी मारलं. ते निंबाखालच्या मुंग्यांच्या बिळात शिरलं आणि मुंग्यांनी सकाळी सकाळी घर बदलायला काढलं.

सर कोण ते आधी सांगते. भाईदास शिरसाठ, साक्रीकडच्या एका खेड्यातले. शिकले प्राणिशास्त्र. कितीतरी वर्षं कॉलेजात बेडूक आणि झुरळं शिकवली, मग मधेच तत्त्वज्ञानाकडे वळले, त्यात डॉक्टरेट केली आणि शेवटी शिक्षक घडवायला आमच्याकडे आले. प्राणिशास्त्रवाले म्हणत, हा तत्त्वज्ञ झाला. तत्त्वज्ञानवाले म्हणत, ह्याच्या खिशात किडे असतात. दोन्ही खरं होतं. पहिल्याच तासाला ते वर्ग बाहेर काढायचे, प्रत्येकाला एकेक किडा वाटून द्यायचे आणि तासभर बघून दिसलं तेवढंच बोला म्हणायचे. कुणी म्हटलं, किडा घाबरला, की विचारायचे, भीती कोणत्या पायात दिसली? पोरं रडकुंडीला यायची. मी उलट उत्तरं दिली, म्हणूनच बहुधा त्यांनी मला पीएच.डी.ला घेतलं.

त्यांचं म्हणणं असं, की प्राणी शिकतात, पण शिकवत नाहीत. शिकवणारा कोण? तर जो दुसऱ्यासाठी स्वतःची चाल कमी करतो आणि दुसरा मागे राहिला तर थांबतो. असं फक्त माणूस करतो. हे त्यांनी पुस्तकातून काढलेलं नव्हतं. लहानपणी ते दिवसभर आईबरोबर मजुरीला जायचे आणि लोटन गुरुजी शाळा सुटल्यावर त्यांच्यासाठी शाळेच्या ओट्यावर बसून राहायचे, एकट्या पोराला अक्षरं शिकवायला. जनावर पिलाला भरवतं, पण असं बसून राहत नाही, असं सर सांगायचे. ह्याच विषयावरचं त्यांचं पुस्तक त्या संध्याकाळी प्रकाशित होणार होतं. माझा प्रबंधही त्याच पायावर उभा होता, आणि तोंडी परीक्षा अगदी जवळ आली होती.

तर मी रांगोळीची जागा बघायला निंबाखाली गेले आणि तिथेच उकिडवी बसले. मोठ्या काळ्या मुंग्या होत्या. नेहमीसारखी रांग नव्हती, दोन-दोनच्या जोड्या होत्या. पुढची दोन-चार पावलं टाकी आणि थांबे. मागची आपल्या मिशांनी तिच्या पाठीला हात लावल्यासारखं करी, मग पुढची पुन्हा निघे. मागची वाट सोडून भलतीकडे भटकली की पुढची जागेवर उभी. मागची परत येऊन शिवली की चालू. पुढच्या मुंग्या नव्या बिळापाशी दुसरीला पोचवून एकट्या परतायच्या, त्या मात्र सुसाट.

मी एकदम चरकले. सरांनी शिकवण्याची जी कसोटी लिहिली होती, ती माझ्या पायाशी चालली होती. गप्प बसले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. समारंभ झाला असता, माझी पदवी झाली असती आणि मी सुखानं नोकरीला लागले असते. पण दिसलं ते बोलायची खोड मला त्यांनीच लावलेली. मी सरांना फोन केला आणि मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या.

सर चिडले. अशा मुंग्यांवरचे परदेशी लेख त्यांनी वाचले होते, आणि एक चालते, दुसरी मागून येते, त्याला शिकवणं म्हणत नाहीत, एवढं म्हणून बाजूला सारले होते. फोनवरही तेच म्हणाले. मी विचारलं, "सर, तुम्ही स्वतः बघितलंय का?"

"थांब तिथंच, आलो," म्हणाले आणि फोन ठेवला. जगाला किड्यासमोर बसवणाऱ्या ह्या माणसानं नेमकं हेच न बघता लिहिलं होतं.

समारंभाचा पांढरा शर्ट अंगात घालून बघत होते, तसेच आले. प्रयोगशाळेतून एक बारीक ब्रश मागवला आणि सरळ ओल्या मातीत पालथे झाले. नर्मदाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मांडवातून ओरडणारच होत्या, पण सरांचा चेहरा बघून त्याही थांबल्या. सरांनी एका जोडीतली मागची मुंगी ब्रशवर अलगद उचलून घेतली. पुढची थांबली. ऊन मानेवर चढत होतं, सर हलत नव्हते आणि मुंगीही हलत नव्हती. शेजारून दुसऱ्या जोड्या निघून गेल्या. ती तशीच मिशा हलवत उभी. सरांनी मागचीला तिच्या मागे खाली सोडलं. तिनं चाचपडत येऊन पुढचीच्या पाठीला शिवलं, तेव्हा कुठे दोघी निघाल्या, हळू, मागचीला झेपेल तेवढ्याच.

सरांनी पुन्हा दुसरी जोडी घेतली, मग तिसरी. एक पुढची कंटाळून निघून गेली, तेही त्यांनी मोठ्यानं सांगितलं. बाकीच्या थांबल्या. मग ते मातीतच कुशीवर वळले. कॉलेजात कधी न बोललेली त्यांच्या घरची बोली तोंडात आली.

"देख पोरी, ती तिनी वाट देखी ऱ्हायनी. एवढीशी शे, आनि वाट देखी ऱ्हायनी."

भीती कोणत्या पायात दिसली असं विचारणारा हा माणूस, एवढीशी मुंगी दुसरीची वाट बघतेय म्हणत होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही. मुंगीच्या डोक्यात मेंदू तो केवढा, मोहरीच्या दाण्याहूनही लहान, आणि त्यात कुणासाठी तरी थांबायला जागा आहे. मला जग एकाएकी फार मोठं वाटायला लागलं आणि थोडी भीतीच वाटली. उठताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, की माझा प्रबंध पुन्हा लिहावा लागेल. वर्ष जाईल. मला राग यायला हवा होता, तो आला नाही.

संध्याकाळी मांडव भरला. प्रकाशन झालं, टाळ्या झाल्या. मग सर बोलायला उभे राहिले आणि पुस्तक हातात धरून म्हणाले, "ह्याचा पायाच चुकलाय. आज सकाळी कळलं." आणि सगळं सांगितलं, न बघता लिहिल्याचंही. लोकांना आधी गंमत वाटली, मग कुणाला हसावं की नाही कळेना. प्राचार्य योगराज पाटील ह्यांना राहवलं नाही. पुस्तक छापायला पैसे त्यांनीच मिळवलेले. त्यांनी बसल्या जागेवरूनच विचारलं, मग सर, माणसाचं म्हणून वेगळं असं उरलं काय?

सरांनी विचार केला. गळ्यात हार, शर्टावर पोटापर्यंत वाळलेला चिखल.

"माहीत नाही," ते म्हणाले.

आणि हसले. आयुष्यभराचं काम हातातून गेल्यावर इतका आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. माझे हात आपोआप जोडले गेले.