बंबाचा सांधा

भांडी सांधणाऱ्या मुखरूने तांब्याचा बंब अंगणात आडवा केला, नळीत हात घालून काजळी खरवडली आणि बुडाचा सांधा बोटांनी चाचपून पाहिला. ओट्यावर बसलेल्या ठमाबाईचे लक्ष त्याच्याकडे नव्हते. ती सुनेकडे, कांताकडे बघत होती.

"सांधा वितळला," मुखरू म्हणाला. "याले कोनं तरी रिकामाच पेटवला. एक खेप नाई, दोन-तीन खेपा तरी."

ठमाबाईला हवे होते ते मिळाले. गेला महिनाभर ती कांतावर नजर ठेवून होती. न्हाणीच्या कोनाड्यातली काडीपेटी नाहीशी झाली, रॉकेलची बाटली हात पोचणार नाही अशा फळीवर गेली. ठमाबाई उठायच्या आत कांता बंब पेटवून मोकळी व्हायची. ठमाबाई न्हाणीतून बाहेर आली, की ही आत जायची, बंबाला हात लावायची, झाकण काढून आत डोकवायची. एकदा शेजारच्या धुरपताशी ती कुजबुजत होती आणि ठमाबाई दिसताच दोघी गप्प झाल्या. मग कांताने नवऱ्याजवळ विषय काढला, की कॉलनीत घरोघरी विजेच्या रॉडने पाणी तापवतात, आपणही घेऊ. कांताचा भाऊ वडसाला भांड्यांच्या दुकानात कामाला होता. तांबे कुठे जाणार, हे कळायला ठमाबाईला कोणी सांगायची गरज नव्हती.

तो बंब ठमाबाईच्या नवऱ्याने, गुलाबने आणला होता, कारखान्यात लागला त्या वर्षी. चंद्रपूरहून एसटीच्या टपावर टाकून आणला आणि भद्रावतीच्या स्टँडपासून घरापर्यंत खांद्यावरून मिरवत नेला. तोवर त्याच्या घरात गरम पाण्याने अंघोळ करायची ती बाळंतिणीने, नाहीतर तापातून उठलेल्याने. गुलाबला जाऊन सहा वर्षे झाली होती. त्याच्या जागी मुलगा श्रावण लागला होता, आणि बंब रोज पेटत होता.

श्रावणची त्या दिवशी सुट्टी होती. तो दारातून पुढे आला आणि त्याने बायकोला विचारले, "पानी टाकल्याबिगर काऊन पेटवला?"

कांता पदराला हात पुसत उभी होती. तिने एकदा सासूकडे पाहिले. चोरी करताना पकडलेले माणूस असेच बघते, असे ठमाबाईच्या मनात आले.

"माह्याच हातून झालं," कांता म्हणाली. "ध्यान नाई राह्यलं."

श्रावण ओरडला नाही. बाबांची तेवढीच एक वस्तू घरात होती, एवढे बोलून तो चपला घालून निघून गेला. मुखरू म्हणाला, की नळीचा पत्रा पातळ झालाय, डाग दिला तरी टिकणार नाही, मोडीतच काढावा लागेल. त्याने पितळी तोटी पिळून काढली, लोखंडी जाळी ओढून राखेसकट बाजूला टाकली आणि सायकलवर बसावा म्हणून बंब हातोड्याने चेपला. पहिल्या घावाला तो घुमला, नंतर नुसता थपथप वाजला. ठमाबाई शेवटपर्यंत ओट्यावरून हलली नाही.

दुपारी जेवताना मात्र तिला घास गोड लागेना. पसाभर तांदळावरून शेजारणीशी तासभर वाद घालणारी ही बाई, आणि इतका मोठा आळ एका वाक्यात अंगावर घेते? इतक्या लवकर कबूल होणारे माणूस आणखी काहीतरी झाकत असते. काय ते कळत नव्हते. उद्या हिच्या आधी उठायचे, असे ठमाबाईने ठरवले.

फटफटायच्या सुमारास ती उठली. काडीपेटी तांदळाच्या कोठीमागे सापडली. लपवलेलीच होती. परसातल्या चुलीत तिने काटक्या आणि कोळशाचे चार तुकडे घातले, पातेल्यासारखा मोठा गंज चढवला, जाळ लावला आणि पाटावर बसली. पौषातली थंडी होती. शेकता शेकता तिला गुलाबचा ओल्या टॉवेलातला चेहरा आठवला, श्रावणच्या लहानपणीची अंघोळीच्या वेळची रोजची रडारड आठवली. किती वेळ गेला कोण जाणे.

मागे पावले वाजली. कांता बादली घेऊन उभी होती. तिने पदराने झाकण उचलले आणि बादली गंजात ओतली.

चर्रर् करून वाफेचा लोट उठला, ठमाबाईच्या तोंडावर आला.

ती गंजाकडे बघत राहिली. त्याचे बूड जांभळट पडले होते. पाणी तर तिने ओतले होते. ओतल्याचा आवाजसुद्धा तिच्या कानात होता.

कांता शेजारी बसली आणि बाहेर आलेले लाकूड तिने आत सारले.

"किती खेपा झालं हे?" ठमाबाईने विचारले.

"पानी तापू द्या, आई."

"तिसऱ्यांदा?"

कांता चुलीतली राख पुढे ओढत राहिली. धुरपताच्या थोरल्या सासूचे शेवटी काय झाले होते, काही आठवेनासे झाल्यावर कसे तिला दिवसभर खोलीत कडी लावून ठेवीत, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होते. ठमाबाई तिला बघायला जात असे. बाहेरून लावलेली ती कडी तिने पाहिली होती.

श्रावण तोंड धुवायला परसात आला. बायकोकडे न बघता त्याने आईला सांगितले, की हिला म्हणावे आज डबा नको.

"तूच सांग तिले," ठमाबाई म्हणाली. "अन् आंधी इथी बस. बंब तिनं नाई जाळला."

"आई, राहू द्या," कांता हळूच म्हणाली. ठमाबाईने तिचे मनगट धरले.

"मंग कोनं?" श्रावणने विचारले.

"मले आठवत नाई," ठमाबाई म्हणाली. "पन मीच."