छातीवरचा हात

आपू, तू आधी ऐक, मधी बोलू नको. लातूरला लातूरच्याच टीमसंग आपल्या नांदेडच्या पोरांची फुटबॉलची सेमीफायनल होती, चौदा वर्षांखालची. तुला तर म्हायतीच हाय, ह्या पोरांकडून मी एकच गोष्ट घोटून घेतली: बॉल गेला की मागं पळायचं न्हाई, तिथंच अंगावर जायचं. पहिला वीरेश सुटणार, त्याला बघून बाकीचे दोघं पास बंद करणार, आन बॉल परत आपला. अर्धापूरची, हदगावची टीम ह्याच्यातच गुदमरली होती.

लातूरची पोरं गुदमरंनात. वीरेश सुटायच्या आधीच बॉल दुसरीकडं. आधीच, समजलं का? मी म्हणलं योगायोग असल. मग त्यांच्या स्टॉपरची, मागं बचावाला उभ्या पोराची, आरोळी ऐकली, "हात गेला," आन पास. परत "हात गेला," परत पास. मी बघून राहिले तर आपला वीरेश दर वेळी पळायच्या आधी उजवा हात छातीवर न्हेऊन राहिला.

डोक्यात मुंगळेच सुटले माझ्या. कारण लातूरचा कोच शिवप्रसाद म्हणजे वीरेशचा सख्खा मामा. आदल्या दिवशी सगळी टीम हॉस्टेलवर जेवली, हा एकटा मामाकडं. त्यात राघवेंद्र, आपला तोंडाळ विंगर, पाणी प्यायला आला आन म्हणतो, "ताई, मामाच्या घरची शेंगापोळी बोलून राहिली." पोरं हसली. मी न्हाई हसले.

हाफ टाइमला आम्ही एका गोलनं मागं. वीरेशला पाण्याच्या टाकीमागं न्हेलं, विचारलं, हा इशारा कुणासाठी? म्हणलं, सांग, न्हाईतर बस बाहेर. डोळे भरले त्याचे. त्यानं कॉलर खाली ओढली तर आत चांदीच्या डबीत इष्टलिंग, लिंगायतांच्या गळ्यात असतं ते. पळताना छातीवर आपटतं म्हणून धरून राहिला होता.

"रेफ्रीला दिसलं तर काढ म्हणतेत, ताई. ते अंगावरून काढत न्हाईत. मामानंच शिकवलं, पळताना हातानं धर म्हणून."

बोलला आन मधीच थांबला. मामानंच. लातूरच्या पोरांना ही खूण कुणी दिली, त्याला बी तेव्हाच कळलं, मला बी.

माझा घोटा मुरगळलेला होता ना, त्याचं क्रेप बँडेज सोडलं, डबी त्याच्या छातीला करकचून बांधली, म्हणलं, आता हात मोकळा सोड. रेफ्रीनं विचारलंच, ह्याला काय झालं. बरगडीला मार हाय, मी म्हणलं. इतकं सरळ बोलले की मलाच खरं वाटलं.

मग काय, लातूरवाले हाताची वाट बघत राहिले आन वीरेश पोचून बी गेला. दोन गोल मारले. जिंकलो.

पण मॅच संपल्यावर मामा आला. शाबासकी म्हणून भाच्याच्या जर्सीवरून हात फिरवला, डबीपाशी बोटं थांबली. माझ्याकडं बघून म्हणला, "मॅडम, बरगडी जपा. फायनलला रेफ्री बदलतेत."

धमकी होती का काळजी, मला अजून कळंना. वीरेशला बाहेर बसवलं तर त्या लेकराचा काय गुन्हा? खेळवलं आन माझं खोटं बाहेर आलं तर सगळी टीमच बाहेर. उद्या सकाळी फायनल हाय, पोरं खाली झोपलीत, आन मी तुला फोन लावून बसले. सांग ना, माझ्या जागी तू काय केलं असतंस?